आवाजाला नावं ठेवणारे

‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत मराठीने एका अनुस्वाराचंच अंतर राखलं आहे. बारशाला आत्या बाळाचं नाव ठेवते. ती सगळ्यांसमोर उभी असते, बाळाच्या कानात कुर्र करते आणि त्या नावाची जबाबदारी पुढे जन्मभर तिच्याकडे राहते. नाव आवडलं नाही तर भाचा मोठेपणी तिला विचारू शकतो, ‘आत्या, तुला दुसरं काही सुचलंच नाही का गं?’ नावं ठेवणाऱ्यांचं तसं नसतं. ते कोण, त्यांनी नक्की काय पाहिलं, काय ऐकलं, कशाचाच पत्ता लागत नाही. ‘लोक म्हणतात’ एवढाच त्यांचा ठावठिकाणा.

आवाजावर पोट असलेल्या माणसांच्या वाट्याला सध्या नेमका हा अनुस्वार आला आहे. जाहिरातींत बोलणारे, दाक्षिणात्य आणि परदेशी चित्रपट हिंदी-मराठीत आणणारे डबिंग कलाकार, ऐकायची पुस्तकं वाचणारे, कंपन्यांच्या फोनवर ‘मराठीसाठी दोन दाबा’ म्हणणारे, कार्टूनमधल्या उंदरा-मांजरांना बोलतं करणारे, अशी ही मंडळी. पूर्वी त्यांचं काम ओळखीवर चालायचं. डबिंग दिग्दर्शकाच्या डोक्यात पन्नास आवाज असायचे. खलनायकाचा चमचा हवा की अमका, सोशिक सासू हवी की तमकी. मुंबईत राहायचं, स्टुडिओंच्या पायऱ्या झिजवायच्या, हाच एक रस्ता.

आता दुसरा रस्ता झाला आहे. आवाज कलाकारांना काम मिळवून देणाऱ्या साइट आहेत. कलाकाराने घरी ध्वनिमुद्रण करून आपले नमुने तिथे चढवायचे. काही साइटवर वर्षाची वर्गणीही भरायची. काम देणारा येतो, हवं ते लिहितो, आणि यादी त्याच्यासमोर उघडते. त्यामुळे बडोद्याची, बेळगावची, इंदूरची बाईसुद्धा घरबसल्या दिल्लीच्या जाहिरातीत बोलू शकते. ही सोय मोठी आहे आणि ती मी कमी लेखणार नाही. घर सोडून मुंबईत खोली घेणं ज्यांना कधी शक्यच नव्हतं, अशा बायकांना तिने दार उघडून दिलं.

पण त्या दारावर एक रखवालदार बसलेला आहे. त्याचं नाव टॅग. स्त्री, वय तीस ते चाळीस, उबदार, गप्पा मारल्यासारखा, अधिकारवाणीचा, खेळकर, भाषा मराठी, लहेजा अमुक, अशा चिठ्ठ्या प्रत्येक आवाजावर लावलेल्या असतात. शोधणारा माणूस हजारो नमुने ऐकत नाही. तो चार शब्द निवडतो आणि त्या शब्दांची चिठ्ठी ज्याच्यावर नाही तो आवाज त्याच्या यादीत येतच नाही. नाकारलाही जात नाही. नाकारायला आधी ऐकावं लागतं.

या चिठ्ठ्या लावतं कोण? तीन जण लावू शकतात. एक, कलाकार स्वतः. ती दुकानदाराने आपल्या दुकानावर लावलेली पाटी. थोडी फुगवलेली असेल, पण पाटी त्याची आणि गिऱ्हाईक त्याचं. दुसरी, साइट चालवणारी कंपनी, म्हणजे तिची माणसं किंवा तिचं यंत्र. आणि तिसरे, साइटवर येणारे-जाणारे इतर लोक. काम देणारे, स्पर्धेतले दुसरे कलाकार, किंवा नुसतंच ऐकून पुढे जाणारे. ‘वापरणाऱ्यांनीच वर्गवारी करावी’ ही इंटरनेटवरची जुनी हौस आहे. फोटोंना, गाण्यांना, पुस्तकांना लोकांनी अशाच चिठ्ठ्या लावल्या आणि त्याचा फायदाही झाला. आवाज कलाकारांना घोर लागला आहे तो या तिसऱ्या हाताचा.

त्यांचं म्हणणं मोजक्या शब्दांत असं. मी न सांगता माझ्यावर कुणीतरी शब्द चिकटवतो. तो कोण ते मला कळत नाही. तो शब्द काढायचा कसा ते ठाऊक नाही. आणि त्या शब्दावरून मला काम मिळतं किंवा मिळत नाही.

आमच्या निजामपुऱ्यातल्या सोसायटीत अशी एक मुलगी आहे. मुलगी म्हणते, पण पस्तिशीची, एका मुलाची आई. दुपारी मूल शाळेत गेलं की कपाटात रजया टांगून, पंखा बंद करून ही बया आत बसते आणि बोलते. मे महिन्यात घामाघूम होऊन बाहेर येते. तिने एका साइटवर चार नमुने चढवले होते. एक आजीचा, एक शाळकरी पोराचा, एक बातमीदारणीचा आणि एक साबणाच्या जाहिरातीचा. काही दिवसांनी तिच्या पानावर तिने न लिहिलेले दोन शब्द उगवले. इंग्रजीत होते. पहिल्याचा अर्थ ‘काकूबाई’ आणि दुसऱ्याचा ‘गुजराती वळण’. त्यानंतर तिला आजीची आणि शेजारणीची कामं विचारली गेली, बातमीदारणीचं एकही नाही. टॅगमुळेच असं झालं हे ती सिद्ध करू शकत नाही. तिने साइटला दोनदा पत्र लिहिलं, तर ‘आपला अभिप्राय आम्हांला मोलाचा वाटतो’ असं छापील उत्तर आलं. मला म्हणाली, “काकू, माझ्या आजीच्या नमुन्याला आजी म्हणाले असते तर मला आनंदच झाला असता. त्यांनी मला म्हटलं.”

तिच्या या वाक्यात सगळा वाद आला. कलाकाराने जे सोंग वठवलं ते सोंगाचं यश. चिठ्ठी नमुन्याला लावायची की माणसाला? नमुन्याला लावली तर ती वर्णन होते. माणसाला लावली तर ती जात होते, आणि आपल्या देशात जात चिकटली की निघत नाही हे कुणी कुणाला सांगायला नको.

इथे साइटवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतील, हजारो आवाजांतून निवड कशी करायची? चिठ्ठीशिवाय डबा सापडत नाही. खरं आहे. माझ्याही स्वयंपाकघरात डब्यांवर चिठ्ठ्या आहेत, कारण रवा आणि पिठीसाखर बाहेरून सारखीच. पण चिठ्ठी लावणारी बाई आधी डबा उघडते, चिमूटभर जिभेवर ठेवते, मग लिहिते. आणि चुकीची चिठ्ठी लागली, शिऱ्यात मीठ पडलं, तर कुणाला बोल लावायचा ते घरात सगळ्यांना माहीत असतं. म्हणजे चिठ्ठीला माझा विरोध नाही. निनावी चिठ्ठीला आहे, आणि ऐकण्याच्या जागी बसलेल्या चिठ्ठीला आहे.

आवाजाची प्रतवारी ही काही आजची गोष्ट नाही. स्वातंत्र्याच्या वेळी ज्या मोजक्या संस्थानांची स्वतःची रेडिओ केंद्रं होती, त्यांत आमचं बडोदं होतं. पुढे आकाशवाणीत गाणाऱ्यांना आणि नाटकात बोलणाऱ्यांना आवाजाची परीक्षा द्यावी लागे आणि बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेणी मिळत. १९५२ ते १९६२ या काळात बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या काळात संगीतातली ही परीक्षापद्धत कडक झाली. नावाजलेल्या कलावंतांनाही परीक्षेला बसावं लागणार म्हटल्यावर बरीच नाराजी झाली. ती पद्धत निर्दोष होती असं म्हणण्यात अर्थ नाही. तिच्यात सरकारी ढिलाई होती, कानांचे आग्रह होते, घराण्यांचे हेवेदावेही शिरत असणार. पण त्या श्रेणीला पत्ता होता. परीक्षक मंडळ नावाची वस्तू होती. मंडळाने आवाज ऐकल्याशिवाय अक्षर दिलं जात नव्हतं. आणि बी मिळालेल्याला पुन्हा परीक्षा देऊन वर जाण्याची वाट मोकळी होती. आजचा टॅग या तिन्ही गोष्टींतून सुटला आहे. त्याला पत्ता नाही, ऐकल्याचा पुरावा नाही आणि पुनर्परीक्षा नाही. सरकारी कारभाराला आपण इतकी नावं ठेवली, पण त्याच्या चुकीवर निदान सही असायची.

चिठ्ठी आधी आणि कान नंतर असता तर काय झालं असतं, याचा एक दाखला प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. संगीतकार गुलाम हैदर एका तरुण मुलीला घेऊन निर्माते शशधर मुखर्जींकडे गेले. ‘शहीद’ या चित्रपटासाठी तिचा आवाज घ्यावा असं त्यांचं म्हणणं होतं. मुखर्जींनी तो आवाज फार पातळ आहे म्हणून नाकारला. त्या काळी चलती होती ती भरदार आवाजांची. गुलाम हैदर रागावले आणि त्यांनी १९४८च्या ‘मजबूर’मध्ये तिला गाणं दिलं. ती मुलगी लता मंगेशकर. आता यात मुखर्जींचा कान वाईट होता असं नाही. आवाज पातळ होता, हे त्या दिवशी त्या चित्रपटापुरतं खरंही असेल. पण त्यांनी तो समोर ऐकला, आपल्या तोंडाने नाही म्हटलं, आणि तेच गुलाम हैदर दुसऱ्या चित्रपटाला तीच मुलगी घेऊन पुढे गेले. ‘पातळ’ ही चिठ्ठी एका दारापुरती राहिली. आज ती एकदा लागली की सगळ्या दारांवर एकाच वेळी लागते. ‘भरदार’ शोधणाऱ्या कुणाही गुलाम हैदरला ती मुलगी दिसलीच नसती.

धाकट्या बहिणीचीही तीच कथा, फक्त चिठ्ठी वेगळी. आशा भोसले म्हणजे उडती, नखऱ्याची, क्लबातली गाणी, असं वर्षानुवर्षं ठरून गेलं होतं. १९८१च्या ‘उमराव जान’साठी खय्याम यांनी त्यांना नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. त्या गझलांनी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. चिठ्ठी वाचून निवड करणारा माणूस चिठ्ठीत लिहिलेलंच मागतो. चिठ्ठीत नसलेलं मागायला खय्याम लागतात.

आणि आपल्या पिढीतलं उदाहरण हवं असेल तर शरद केळकर. लहानपणी आपण बोलताना अडखळायचो, हे त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितलं आहे. हिंदी ‘बाहुबली’त प्रभासच्या तोंडून जो आवाज २०१५ आणि २०१७मध्ये देशभर घुमला तो त्यांचा. शाळेतल्या पोरांनी त्यांना काय काय म्हटलं असेल ते सांगायला नको. पोरांनी म्हटलेलं वाऱ्यावर विरून गेलं म्हणून बरं. ते कुठे नोंदलं गेलं असतं तर?

आवाजाच्या धंद्याला एक जुना आजार आहे, तो म्हणजे नाव न देण्याचा. १९४९च्या ‘महल’मधल्या गाजलेल्या गाण्याची तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गायिकेचं नाव ‘कामिनी’ असं छापलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. पडद्यावर मधुबाला होती, गळा लताबाईंचा होता, आणि तबकडीवर दोघींपैकी कुणीच नव्हतं. ऐकणाऱ्यांनी विचारणा केल्या तेव्हा गाणारीचं नाव लोकांना कळलं. फिल्मफेअर पुरस्कार १९५४मध्ये सुरू झाले, पण त्यात पार्श्वगायनाचा पुरस्कार यायला १९५९ उजाडलं, तेही लताबाईंनी हा प्रश्न धसास लावल्यावर. गाणाऱ्यांनी आपलं नाव असं भांडून मिळवलं. डबिंगवाल्यांना ते अजून धड मिळालेलं नाही. डब केलेल्या मालिकेच्या शेवटी मूळ नट, छायाचित्रकार, केशभूषाकार सगळ्यांची नावं सरकतात, आणि आपण तासभर ज्यांचं बोलणं ऐकलं त्यांची नावं अनेकदा नसतातच.

मला सलतं ते हे. नाव द्यायची वेळ आली की जागा नाही, आणि नावं ठेवायची वेळ आली की पाहिजे तेवढी जागा. एकाच माणसाच्या पानावर वीस टॅग मावतात, पण चित्रपटाच्या शेवटी त्याच्या दोन शब्दांच्या नावाला जागा मिळत नाही.

लहेज्याचा टॅग तर मला सगळ्यांत घातक वाटतो. हिंदी चित्रपट आणि मालिका पाहणाऱ्या कुणालाही विचारा, मराठी वळणाची हिंदी कोण बोलतं? घरकामाला येणारी बाई आणि हवालदार. डॉक्टर, वकील, बँकेची मॅनेजर यांची हिंदी मात्र कुठल्याच गावची नसते. त्यामुळे ‘मराठी लहेजा’ ही चिठ्ठी कागदावर निरुपद्रवी माहिती दिसते, पण बाजारात तिचा अर्थ ‘कामवाली’ असा वाचला जातो. जिला मराठी वळण काढता येतं तिचं ते कसब आहे, हवं तेव्हा आणणं आणि हवं तेव्हा बाजूला ठेवणं. चिठ्ठी मात्र असं सांगते की हे हिला जडलेलं आहे. आम्हा बडोदेकरांची तर दोन्हीकडून पंचाईत. पुण्याला गेलो की आमच्या मराठीत गुजराती ऐकू येते, आणि इथल्या गुजरातीत मराठी. सयाजीराव महाराजांच्या गावात ही दोन भाषांची सरमिसळ पिढ्यान् पिढ्या नांदली. ती आमच्या जिभेची मिळकत आहे. ‘गुजराती वळण’ असं दोन शब्दांत लिहून कुणीतरी तिची किंमत उणे करून टाकतो, आणि त्याला ते कळतही नाही.

जैन घरात वाढलेल्या मला या सगळ्यात काही जुने शब्द आठवत राहतात. आपल्या कर्मसिद्धांतात आठ कर्मांपैकी एक नामकर्म. त्याच्या पोटभेदांत चक्क ‘सुस्वर’ आणि ‘दुःस्वर’ आहेत. म्हणजे गोड आवाज आणि कर्कश आवाज यांची नोंद आपल्या आचार्यांनीही केली होती. नामकर्माला उपमा दिली आहे चिताऱ्याची. चितारी एकाच भिंतीवर नाना रूपं काढतो, तसं हे कर्म जीवाला नाना रूपं देतं. कुणी म्हणेल, मग तुमच्याकडेही टॅगच झाले की! झाले. पण दोन फरक आहेत. एक, तो रंग जीवाचा नव्हे. कर्म उदयाला येतं आणि झडून जातं, आणि ज्याच्यावर ते चढलं तो जीव त्याहून वेगळा राहतो. दुसरा फरक, दुसऱ्याला दुःस्वर ठरवण्याचा अधिकार यातून कुणालाही मिळत नाही. आपण कुणावर हा शिक्का मारला तर त्याने आपल्याच खात्यात भर पडते. कर्माचा हिशेब ज्याचा त्याने आपल्यापुरता पाहायचा असतो.

आणखी एक शब्द आहे, ‘न्यास’. एखाद्या वस्तूला शब्द लावण्याच्या चार पद्धती आपल्याकडे सांगितल्या आहेत. नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. यांनाच निक्षेप किंवा न्यास म्हणतात. नाम-न्यास म्हणजे गुणाचा काही संबंध नसताना नुसतं नाव लावणं. मुलाचं नाव इंद्र ठेवलं म्हणून तो स्वर्गाचा राजा होत नाही. भाव-न्यास म्हणजे आत्ता, या क्षणी जी अवस्था आहे ती पाहून शब्द लावणं. साइटवरचे बहुतेक टॅग पहिल्या प्रकारचे असतात आणि चौथ्या प्रकारचे म्हणून वाचले जातात. सगळा घोटाळा तिथे आहे. ‘उबदार’ हा शब्द त्या तीस सेकंदांच्या नमुन्यातल्या त्या वाक्यापुरता लावला तर भाव. बाईवर लावला की नुसतं नाम.

याच शब्दाचा दुसरा अर्थ ठेव. मराठीतही तसंच आहे, नावही ठेवतात आणि पैसेही ठेवतात. सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत खोटं लिहिणं म्हणजे ‘कूटलेखक्रिया’ आहे, आणि ‘न्यासापहार’ही आहे. न्यासापहाराचा जो खुलासा टीकाकारांनी केला आहे तो मला फार मार्मिक वाटतो. एकाने दुसऱ्याकडे ठेव ठेवली. किती ठेवली ते तो विसरला आणि परत मागताना कमी मागितली. ठेव सांभाळणारा म्हणाला, ‘हो हो, एवढीच होती.’ बाकीची त्याने ठेवून घेतली. त्याने हिसकावलं काहीच नाही, समोरच्याने मागितलं तेवढं दिलं. तरी हा दोष आहे, आणि तो चोरीच्या खात्यात नव्हे, असत्याच्या खात्यात लिहिला आहे.

आता हे आवाजाला लावून पाहा. कलाकार साइटवर आपला नमुना ठेवतो तो काम मिळावं म्हणून. ती ठेव आहे. अटींच्या लांबलचक कागदावर त्याने न वाचता खूण केलेली असते, म्हणजे आपण नक्की किती दिलं हे त्याला ठाऊक नसतं. पुढे त्या ठेवीचं काय होतं? २०२४ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात पॉल लेहरमन आणि लिनिया सेज या दोन आवाज कलाकारांनी लोवो या कंपनीवर दावा लावला. फायव्हर या कामं देणाऱ्या साइटवर निनावी माणसांनी त्यांच्याशी संपर्क साधला, एकाला १२०० आणि दुसरीला ४०० डॉलर देऊन मजकूर वाचून घेतला, आणि मग त्याच आवाजांवरून घडवलेले यंत्राचे आवाज विकायला काढले, असं त्यांचं म्हणणं आहे. विकताना त्या आवाजांना ‘काइल स्नो’ आणि ‘सॅली कोलमन’ अशी नावं ठेवली होती. २०२५ साली न्यायालयाने त्यांचे काही मुद्दे फेटाळले, पण कराराचा भंग आणि न्यूयॉर्क राज्याचे कायदे या मुद्द्यांवर दावा पुढे चालू ठेवला. म्हणजे माणसाचं नाव काढून घ्यायचं, आवाज ठेवून घ्यायचा आणि त्याचं नवं बारसं करायचं. अशा बारशाला आत्या नसते.

टॅगचा याच्याशी काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध असा की यंत्राला ‘उबदार बोल’, ‘रागाने बोल’, ‘चाळिशीच्या बाईसारखं बोल’ हे शिकवायचं तर नुसता ध्वनी पुरत नाही, ध्वनीला जोडलेलं वर्णन लागतं. चिठ्ठ्या लावलेले हजारो आवाज एका जागी गोळा झाले की तो शिकवणीचा तयार साठा होतो. ज्याने हौसेने चिठ्ठी लावली त्याला कल्पनाही नसते की आपण कुणाची तरी नक्कल घडवायला फुकट हातभार लावतो आहोत. प्रत्येक साइट असं करते असा माझा आरोप नाही. पण करणार नाही असं स्पष्ट लिहून द्यायला काय हरकत आहे, एवढं विचारायचा हक्क आवाज ठेवणाऱ्याला आहे.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्याला मनाई केली, आणि २०२५मध्ये आशा भोसले यांनाही तसंच संरक्षण दिलं. फार चांगलं झालं. पण हे संरक्षण उभं आहे ते त्यांच्या प्रसिद्धीवर. आवाज ऐकताच कोट्यवधी लोक नाव सांगतात, म्हणून त्या आवाजावर त्यांचा हक्क सिद्ध करता येतो. कपाटात रजया टांगून बोलणारीने काय करायचं? तिचा आवाज लाखो लोकांनी ऐकलेला असेल, फोनवर, जाहिरातीत, मालिकेत. पण कुणालाही तिचं नाव ठाऊक नाही. जगाच्या लेखी ती ‘स्त्री, तीस ते चाळीस, उबदार’. न्यायालयात ती काय सांगणार, की ‘उबदार’ मी आहे? श्रेयनामावलीत नाव न देणं आणि पानावर टॅग लावणं, या दोन गोष्टी मिळून माणसाला इतकं पुसून टाकतात की त्याची चोरी झाली तरी फिर्याद कुणाच्या नावाने लिहायची हा प्रश्न पडावा. म्हणून टॅगची तक्रार ही हळव्या कलाकारांची कुरकुर नव्हे.

यावर उपाय काही अवघड नाहीत. कलाकाराच्या संमतीशिवाय दुसऱ्याने लावलेला शब्द दिसू नये. शब्द लावणाऱ्याचं नाव निदान त्या कलाकाराला कळावं. चिठ्ठी नमुन्याला लागावी, माणसाला नको. लहेजा ‘येतो’ असा लिहावा, ‘आहे’ असा नको. हरकत घेतली तर माणसाने उत्तर द्यावं, छापील पत्राने नव्हे. ठेवलेला नमुना कशाकशासाठी वापरणार ते चार सोप्या ओळींत, कलाकाराच्या भाषेत लिहावं. आणि काम पुरं झालं की नाव द्यावं, ठळक, वाचता येईल एवढा वेळ. यातल्या एकाही गोष्टीला नवा शोध लागत नाही.

एक उपाय मात्र साइटच्या हातात नाही, काम देणाऱ्यांच्या आणि आपल्या हातात आहे. चार शब्द टाकून समोर आलेली यादी बाजूला सारून कधीतरी पाच अनोळखी आवाज नुसते ऐकावेत. ‘स्यात्’ या शब्दाचा अर्थ पुष्कळ लोक ‘कदाचित’ असा करतात आणि अनेकान्त म्हणजे डळमळीतपणा समजतात. तसं नाही. अमक्या अपेक्षेने हे असं आहे, एवढं बोलणाऱ्याने सांगितलं पाहिजे, असा त्याचा आग्रह आहे. ‘घोगरा’ म्हणणाऱ्याने कशाच्या तुलनेत, कुठल्या वाक्यात, कुणाच्या कानाला, हे सांगावं. सांगता येत नसेल तर गप्प बसून आणखी थोडं ऐकावं. आपल्याला श्रावक-श्राविका म्हणतात. आपण तो शब्द लग्नपत्रिकेत आणि देणगीच्या पावतीवर वापरतो, पण त्याचा साधा अर्थ ऐकणारा, ऐकणारी असा आहे. नाव ठेवायचा अधिकार आधी ऐकणाऱ्याला मिळतो, आणि ऐकून झाल्यावर ज्याला आपलं स्वतःचं नाव खाली लिहायची तयारी आहे त्यालाच.